कर्ण्यावरची प्रार्थना

नवे पाळकसाहेब आमच्या मंडळीत आले ते माइक आणि लाउडस्पीकरचा कर्णा घेऊनच. पुण्याच्या कुणा सज्जनानं तो त्यांना भेट दिला होता. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या शिवेवरचं आमचं गाव, त्यात ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी, आणि चर्च म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. तिथे साध्या आवाजात बोललेलंही शेवटच्या माणसाला ऐकू यायचं. पण पाळकसाहेब तरुण होते, हौशी होते. "सुवार्ता काय भिंतीच्या आत कोंडून ठेवायची?" असं म्हणून त्यांनी कर्णा छपरावर गावाकडे तोंड करून बसवला. ही गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. मी तेव्हा लग्न होऊन नुकतीच त्या गावात आले होते.

कर्णा ऐकून कुणी आलं नाही. एक बाई आली, ती हापशामुळे. चर्चच्या आवारात हापसा होता आणि उन्हाळ्यात गावचा आड आटला की बाया तिथे पाण्याला यायच्या. माझ्या सासूबाई रविवारी मुद्दाम लवकर जाऊन हापशापाशी उभ्या राहायच्या. कुणाला हापसून दे, कुणाची कळशी उचलून दे, आणि हे करता करता चौकशा. चौकशांचं त्यांना भारी वेड. पण समोरच्याचं ऐकायच्याही मनापासून, हे मान्य करायला हवं. त्या बाईची कळशी भरली तरी तिचा पाय निघायचा नाही. हळूहळू ती पायरीवर बसून गाणी ऐकायला लागली, मग आत येऊन सासूबाईंच्या शेजारी सतरंजीवर बसू लागली. उपासनेनंतर आम्ही आवारातच चुलीवर चहा करायचो, घरोघरून खायला काहीबाही यायचं. एकदा तिनंही भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणली. सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ली. त्याचं तिला केवढं अप्रूप! ती बाई हसताना किती छान दिसते, हे मला त्या दिवशी कळलं.

तिचा नवरा भोसरीला कंपनीत होता. त्याला सुट्टी मिळत नाही, असं ती सांगायची. खरं काय ते तिनं फक्त सासूबाईंच्या कानावर घातलं होतं.

आता आमच्यातली एक रीत सांगते. प्रवचनानंतर विनंतीची वेळ असते. ज्याला ज्याच्यासाठी प्रार्थना करायची असेल त्यानं उठून मोठ्यानं करायची आणि बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. आजारपण, परीक्षा, हरवलेली म्हैस, सगळं तिथे येतं. सगळे घरचेच, मग लपवायचं कुणापासून? सासूबाईंना तर दुसऱ्याचं दुःख देवाला सांगितल्याशिवाय अन्न गोड लागत नसे. त्या रविवारी त्या उठल्या, माइक हातात घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हे प्रभू, हिच्या नवऱ्यानं भोसरीत दुसरी बाई ठेवलीय. त्याला सुबुद्धी दे, बापा. किती दिस झालं, त्यानं हिचं तोंड पाह्यलं न्हाई."

आम्ही सवयीनं आमेन म्हटलं. छपरावरच्या कर्ण्यानं ते सगळ्या गावाला ऐकवलं. मी डोळे उघडले तेव्हा सासूबाईंच्या शेजारची जागा रिकामी होती.

"मी वंगाळ काय बोलले? देवालाच तर सांगितलं," असं सासूबाई घरी येईपर्यंत म्हणत होत्या. मला राग आवरला नाही. मी म्हटलं, "आई, कर्ण्याशिवाय देवाला ऐकू येत नव्हतं का?" लग्नानंतर मी पहिल्यांदाच त्यांना उलट बोलले. त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत.

ती बाई पाण्याला लांबच्या विहिरीवर जाऊ लागली. सासूबाई तिच्या दारात गेल्या, तिनं दार लावून घेतलं. पुन्हा गेल्या, पुन्हा तेच. गावातल्या बाया तिला पाहून पदराआड हसायच्या. पाळकसाहेब म्हणाले, "धीर धरा, देव तिला परत आणील." सासूबाई फटकन म्हणाल्या, "घालवली मी, मग देवानं का आणायची?" आणि त्यांनी छपराला शिडी लावून घेऊन कर्णा खाली उतरवला. पाळकसाहेब स्वतः शिडी धरून उभे राहिले.

कांदा लागणीच्या दिवसांत कानावर आलं, की तिचं रोप वाफ्यात पिवळं पडतंय. आमच्याकडे लागण सावडीनं होते. आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या. पण नवऱ्यानं टाकलेलीच्या वावरात कशाला जायचं, म्हणून तिच्या सावडीतल्या बायांनी अंग काढून घेतलं होतं. त्या रविवारी उपासना आटोपताच सासूबाई उभ्या राहिल्या. "आज चहा न्हाई. ज्याला यायचं त्यानं माज्यासंगं चला." कुठे, ते कुणी विचारलं नाही.

मास्तर, नर्सबाई, पोस्टमन, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेले पाळकसाहेब, असे आम्ही सगळे रविवारच्या इस्त्रीच्या कपड्यांत चिखलात उतरलो. ती धावतच आली.

"कुणी बलावलं तुमाला?"

"कुणी न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

"माजी अब्रू वेशीला टांगली, आन् आता वावरात आलाय व्हय?"

सासूबाई वाकलेल्याच होत्या. "चुकलं माजं, पोरी. लई चुकलं. माज्याशी बोलू नगंस, पर रोप वाया घालवू नगं."

ती बांधावर बसली. मग पदर खोचून उठली आणि आमच्याबरोबर लावायला लागली. उन्हं कलली तेव्हा लागण संपली. निघताना तिनं कळशी आणून सासूबाईंच्या पायांवर पाणी ओतलं, हातानं चिखल धुतला आणि म्हणाली, "मावशी, माज्यासाठी मागा देवाला. पर गुमान मागा."

नवरा काही परत आला नाही. ती मात्र परत आली आणि येतच राहिली. पुढे तिला हसणाऱ्यांपैकीच एक शेजारीण स्वतःचं दुःख घेऊन तिच्या मागोमाग आली, मग आणखी कुणी. कर्णा कपाटावर धूळ खात पडला. मला ते दिवस आठवले की अजून भरून येतं. आम्ही तेव्हा थोडे होतो, पण एकमेकांचे होतो. एक मात्र होतं, ती बाई स्वतः कधी प्रार्थना करायची नाही. तिला कुणी आग्रहही करायचा नाही, अशी सासूबाईंची सक्त ताकीद होती.

दोन हजार सालानंतर सासूबाईंनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी आशा सोडली. त्या दुपारी सगळी मंडळी घरात जमली. पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले, तशी सासूबाईंनी हातानं त्यांना थांबवलं आणि उशाशी बसलेल्या त्या बाईकडे पाहिलं. "तू कर."

"मला न्हाई येत, मावशी."

"मला तरी कुटं येत व्हती?"

तिला रडू फुटलं. मग तिनं आपला पदर दोघींच्या डोक्यावरून ओढून घेतला आणि सासूबाईंच्या कानाशी तोंड नेलं. ती बराच वेळ बोलत होती. काय मागितलं, ते आम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही. मीही पुढे कधी विचारलं नाही. पदराआडून सासूबाईंचं आमेन मात्र इतकं खणखणीत आलं, की बाहेर ओट्यावर बसलेल्यांनीसुद्धा आमेन म्हटलं.