सुभेदारांनी लावलेला नंबर

बुटाच्या पॉलिशचा वास आला की मला कोल्हापुरातली ती वेबसाइट स्पर्धा आठवते. परीक्षक म्हणून मी होतो आणि तीन निवृत्त फौजी. त्यांना शोभेसाठी बोलावलं असेल, असं मला वाटलं. बूट तरी तसेच चमकत होते. शेवटी रक्तदाते मिळवून देणाऱ्या दोन साइट उरल्या. एका ट्रस्टची साइट उघडली की झेंडा फडकायचा, गाणं वाजायचं आणि अध्यक्षांचा फोटो हात जोडायचा. तिला मी दहापैकी नऊ गुण देऊन मोकळा झालो होतो. दुसरी आजऱ्याच्या एका शिक्षिकेची, नुसती नावं, रक्तगट आणि खाली एक फोन नंबर. त्या तीन फौजींतल्या सुभेदारांनी चष्मा लावला आणि ट्रस्टचा 'चोवीस तास सेवा' नंबर फिरवला. तीनदा. कोणी उचलला नाही. "साहेब, डिझाइन बघायचं हाय की," संयोजक कळवळले, कारण ट्रस्टचे अध्यक्षच समारंभाचे प्रमुख पाहुणे होते. "नकाशात पूल हाय आणि नदीवर न्हाय, तर पलटण बुडत्या की," सुभेदार म्हणाले आणि त्यांनी आजऱ्याचा नंबर लावला. पहिल्याच रिंगला स्पीकरवर बाईंचा आवाज आला, "बोला पावणं, कुठला गट पायजे? पेशंट कुठं हाय?" सुभेदार खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले. "पेशंट न्हाय, ताई. तपासणी होती. पास झालासा." मी गुपचूप माझा गुणांचा कागद परत मागून घेतला. अजूनही गुण देण्याआधी मी नंबर लावून बघतो, आणि पलीकडून कोणी उचललाच, तर नकळत उभा राहतो.