बिनरंगाची नळी

नजर, अंगारा, साक्षात्कार... यातलं मी कधीच काही मानलं नाही. मी बी.एस्सी. झालेला माणूस, मायक्रोस्कोपखाली दिसेल तेवढंच खरं, असं म्हणणारा. आणि पंचाईत अशी, की हे मी मायक्रोस्कोपखालीच पाहिलं.

छप्पन्न-सत्तावन्नची गोष्ट. ठाण्याला नौपाड्यात एका डॉक्टरांच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये मी असिस्टंट होतो. कल्याणला राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाच्या बायकोला, शांतावहिनीला, ल्यूकेमिया झाला होता—रक्ताचा कॅन्सर. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. आमच्या डॉक्टरांना झाडापानांच्या रंगांचा नाद. पारिजातकाच्या सुकवलेल्या देठांचा केशरी रंग त्यांना कॅन्सरच्या पेशींवर घालून बघायचा होता. कोणतं झाड, ते मी घरी बोललो नव्हतो. वहिनी म्हणाली, "भावोजी, माझंच रक्त न्या की. नाहीतरी माझ्या काय कामाचं उरलंय?"

एका सकाळी तिचं रक्त ठाण्याला आणलं. त्या दुपारी त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून दोन नळ्यांत ठेवल्या. एकीत रंग घातला, दुसरी तुलनेसाठी तशीच. तासाभराने पहिलीतला थेंब काचेवर घेतला... बिघडलेल्या पेशी पार फुटलेल्या. मी हाक मारली.

"डॉक्टर, लवकर या."

त्यांनी पाहिलं, माझी पाठ थोपटली. "आता दुसरी दाखव."

दुसरीतही तेच. पाणी मात्र स्वच्छ, केशरी झाक नावालाही नाही.

"हिच्यात काय टाकलंस?"

"काहीच नाही."

संध्याकाळी धावतपळत कल्याण गाठलं. आठवडाभर अंथरुणाला खिळलेली वहिनी पाटावर बसून पिठलं-भात जेवत होती. दादा म्हणाला, "दुपारी दरदरून घाम आला, ताप उतरला. म्हणाली, भूक लागलीय."

वहिनीने डावा तळवा पुढे केला. "भावोजी, हे काय लागलंय बघा. धुऊन जात नाही."

तळवा केशरी होता... पारिजातकाचे देठ चुरडल्यावर होतो तसा. ऐन वैशाखात, आळीत कुठे फूल नसताना.

आठवड्याने रक्त तपासलं, जवळजवळ निर्मळ. पुढचं वर्ष वहिनी हिंडली-फिरली, टिटवाळ्याच्या गणपतीला जाऊन आली, भाचीच्या लग्नात तिने पंगतीला वाढलं.

मग आजार परतला. आम्ही पुन्हा नळ्या लावल्या, कितीदा तरी. दोन्हींतल्या पेशी जशाच्या तशा.

"भावोजी," ती म्हणाली, "मागे केलंत तसंच करा ना."

तसंच तर करत होतो... मागे नेमकं काय झालं होतं, ते तिला तेव्हा सांगता आलं नाही. तुम्हालाही आज सांगता येत नाही.