कर्कवॉल ते संबरा, डबा ते डबा

श्रीधर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कर्कवॉलच्या विमानतळावर मोदकांचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. बाहेर दाट धुकं, विमान सकाळपासून खोळंबलेलं. फोन त्याच्या शेजारणीचा, मॅगीचा. ती हुंदके देत सांगत होती आणि मी वेडी तिला विचारत होते, "पण मी निघालेय हे त्याला कळलं होतं ना?"

त्याला आता सहा आठवडे झाले.

मँचेस्टरला आम्ही एका वर्गात होतो. पुढे मी नोकरीसाठी ऑर्कनीत, कर्कवॉलला आले, तो शेटलंडमध्ये. दोन्ही स्कॉटलंडच्याही वरची बेटं, मधे एकशे पस्तीस किलोमीटर समुद्र, विमानाने जेमतेम पस्तीस मिनिटं. "म्हणजे शेजारीच की रे आपण," मी म्हणायचे. तो उखडायचा. "कसले डोंबलाचे शेजारी! विमान किती वेळ उडतं ते नको सांगूस. डबा बंद केल्यापासून उघडेपर्यंत किती, ते बोल."

कारण दर गणपतीला मोदक माझे असत. इंजिनिअर माणूस, पण मोदकाच्या पारीपुढे त्याने हात टेकले होते. त्याचे सगळे उकडताना फुटायचे. मी डबा बंद केला की त्याला फोन करायचे, तो फ्रिजवरच्या कागदावर वेळ लिहायचा. त्याच्या घरी झाकण काढलं की शेजारच्या रकान्यात दुसरी वेळ. चार तास दहा. वाऱ्याच्या वर्षी नऊ. एकदा धुक्यापायी चक्क सव्वीस. तेव्हा मोदक मायक्रोवेव्हमध्ये घालून खाल्ले आणि बाप्पाची माफी मागितली. संबराला, त्याच्याकडच्या विमानतळावर, रस्ताच धावपट्टी ओलांडून जातो, विमान यायचं झालं की फाटक पडतं. हा मुद्दाम तिथे गाडी घेऊन थांबायचा आणि मी भेटले की ऐटीत म्हणायचा, "तुझ्यासाठी ट्रॅफिक अडवला, बघ."

मे महिन्यात त्याने आजार सांगितला. "ये ना एकदा," म्हणाला. एवढंच... मागायची सवयच नव्हती त्याला. मी म्हटलं, "अरे, पस्तीस मिनिटांवर तर आहेस. गणपतीला येतेच की." जूनमध्ये ऑफिसचं काम निघालं, जुलैत पाहुणे आले. त्याने पुन्हा विचारलं नाही. ज्या पस्तीस मिनिटांवरून तो मला जन्मभर झापत आला, तीच मी त्याच्या तोंडावर फेकली. स्वतःचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी विमान उतरलं. फाटकापाशी तीन गाड्या होत्या, त्याची नव्हती. घरी मॅगीने दार उघडलं. फ्रिजवर कागद तसाच होता आणि शेवटच्या ओळीत आदल्या सकाळची वेळ, आठ वीस, अक्षर थरथरलेलं. सकाळी माझा फोन मॅगीनेच घेतला होता; तिने निरोप सांगताच तिला न जुमानता भिंत धरत उठला होता म्हणे, लिहायला. म्हणजे कळलं होतं त्याला.

मी तिथेच डबा उघडला. आंबूस वास आला. मॅगीला हा खेळ ठाऊक होता, तिने पेन पुढे केलं.

तो कागद आता माझ्या फ्रिजवर आहे. दूध काढताना रोज समोर येतो. त्याचं आठ वीस मी खोडलं नाही, पण त्याच्याआधी बारीक जागेत 'मे' लिहिलंय. आणि शेजारच्या रकान्यात, माझ्या अक्षरात, 'सप्टेंबर'.