वहिनी आणि त्यांचे ‘हे’

सुनंदावहिनींचे किस्से निघाले की आमच्याकडे चहा थंड होतो. सौदी अरेबियात, अल-खोबरला त्यांचा फ्लॅट आमच्या दारासमोरच होता, त्यामुळे निम्मे मी डोळ्यांनी पाहिलेत. आज त्या कॅनडातल्या पुढाऱ्याची बायको आहेत, फिती कापतात, फोटोत हसतात. एकच गोष्ट त्यांना मेली जमत नाही. नवऱ्याचं नाव घेणं! “नाव घेतलं की आयुष्य घटतं,” असं सासूबाईंनी गुहागरला उंबरठ्यावरच बजावलेलं. म्हणून विनायकभाऊ कायम ‘आमचे हे’. उखाण्यात तेवढं चालतं, म्हणे!

*

एकदा वहिनींना ताप आला. हॉस्पिटलात फिलिपिनो नर्सने विचारलं, “हजबंड नेम?”

 वहिनींना सुचलं, विनायक म्हणजे गणपती! त्यांनी नाकापुढे हात धरून सोंड हलवून दाखवली.

नर्सने मान डोलावली आणि भाऊंना नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे पाठवलं.

*

समुद्रकाठी कॉर्निशवर दोघं फिरत होते. पोलिसाने हटकलं. भाऊंचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नेमका दुसऱ्या पॅन्टीत! पोलिसाने वहिनींना विचारलं, “हा कोण? नाव?”

“अहो, तुम्हीच सांगा ना! अहो! अहो, बोला की!”

पोलीस हसला. “ओके, मिस्टर आहो. यल्ला, घरी जा.”

पुढे महिनाभर आमच्या बिल्डिंगमध्ये भाऊंना कुणी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

*

मग सौदीकरण आलं. भाऊंच्या जागेवर एक सौदी तरुण आला. भाऊंनीच त्याला काम शिकवलं आणि पोर मोठं गोड होतं, निरोपाला खजुराचा डबा घेऊन आलं. त्या संध्याकाळी भाऊ सोफ्यावर बसून म्हणाले, “खलास. माझी खुर्ची सौदी झाली.”

वहिनी आतून ओरडल्या, “मग टेबल तरी आणायचं होतं घरी!”

भाऊ हसले. आम्हाला मात्र रडू आलं, कारण सहा महिन्यांत ती दोघं कॅनडाला गेली आणि समोरच्या दाराला कुलूप लागलं.

*

तिथे भाऊ राजकारणात शिरले. पार्टीवाल्यांनी वहिनींना बजावलं, “मॅडम, तुम्ही फक्त हसायचं, हात हलवायचा.” वहिनी दारोदार लाडू वाटत सुटल्या. “प्लीज व्होट फॉर माय हे!”

लोक लाडू खायचे आणि विचारायचे, “हू इज ही?”

“हां, तेच!”

*

आणि खासदारकीची ती निवडणूक! भाऊंसमोर मूळचा विशाखापट्टणमचा तगडा तेलुगू उमेदवार. अगदी अटीतटीचा सामना. भाऊंच्या मतदारसंघातल्या कितीतरी मंडळींनी कॅनडाचा पासपोर्ट घेतला होता आणि पगारासाठी परत खोबर गाठलं होतं. त्यांची मतं पोस्टाने जाणार. मतपत्रिकेवर नुसती रिकामी ओळ, उमेदवाराचं नाव आपल्या हाताने लिहायचं.

वहिनी विमानाने खोबरला आल्या. माझ्या हॉलमध्ये जमल्या लखनौच्या, केरळच्या, पंजाबच्या बायका. मराठी त्यांतली एकही नाही आणि भाऊंना ओळखणारी तर नाहीच. फोनवर भाऊ काकुळतीला आलेले. “सुनंदा, ही मतं मिळाली तर मी निवडून येतो. मी मरत नाही गं, एकदा माझं नाव सांग!”

“भाभीजी, लिखना क्या है?” लखनौवालीने पेन उघडलं.

वहिनींना घाम फुटला. मी कानात म्हटलं, “वहिनी, उखाणा!”

त्या उठल्या, पदर सावरला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

“कॅनडा की बर्फ में चाय गरमागरम,
विनायकराव को व्होट दो, मत करो शरम!”

काय टाळ्या पडल्या! सगळ्यांनी ऐकलं तस्संच लिहिलं, पाकिटं बंद केली. वहिनी माझ्या गळ्यात पडून रडल्या. “बाई गं, जिंकवलं मी ह्यांना!”

निकाल लागला. भाऊ थोडक्यात पडले.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन वाजला. जिंकलेला उमेदवार स्वतः लाइनवर.

“मॅडम, खोबरच्या मतांबद्दल थँक यू! सगळ्या पाकिटांत माझं आडनाव निघालं. मी राव बोलतोय.”