सिझलरभोवती पाणी

आमच्या घरात धार्मिक कोणीच नाही. त्या दिवशी मात्र मी झालो.

कारण आमच्या रेवाचं लग्न ठरायचं होतं. मुलगा तिनंच निवडलेला, लाखात एक. पण त्याचे वडील, नरखेडचे संत्रेबागवाले नानाजी, फार सोवळ्याचे, असं त्यांच्या घरवालीनं माझ्या बायकोला फोनवर सांगितलेलं. त्यांनी नाही म्हटलं की खेळ खलास! आणि पोरांनी पहिली भेट ठरवली कुठे? नव्या फ्युजन हॉटेलात. तिथे मेक्सिकन झुणका मिळतो, थाई पाटवडीही मिळते. (ती थायलंडला केव्हा गेली, विचारू नका.)

"बाबा, गुपचूप जेवा. कलाकारी नको," रेवानं गाडीतच बजावलं होतं.

टेबलाशी बसताच नानाजींनी डोळे मिटून हात जोडले. बायकोनं मला कोपर मारलं. मीही जोडले.

इतक्यात वेटरनं माझ्यापुढे इटालियन सांबारवडी (म्हणजे आपली कोथिंबीरवडीच) सिझलर ठेवलं. लाकडी पाटावर तापलेला लोखंडी तवा, वर चीज, खाली चुरचुरणारं तेल. नानाजी माझ्याकडेच बघत होते. माझे आजोबा जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवायचे, ते मला आठवलं. मी तळहातावर पाणी घेतलं, भक्तिभावानं डोळे मिटले आणि फिरवलं. डोळे मिटल्यामुळे ते थेट तव्यात पडलं.

छर्रर्र! तेल उडालं, वाफ उसळली.

"अवो, काय करून राहिले तुमी!" बायको किंचाळली.

"विझवून राहिलो ना!" म्हणत मी पाण्याचा अख्खा जग ओतला. (शास्त्रात एवढं पाणी सांगितलेलं नाही.) वाफेचा लोट छताला भिडला, आगीचा भोंगा केकाटू लागला. मॅनेजर लाल सिलिंडर घेऊन धावला, त्यानं दट्ट्या दाबला आणि सगळी पांढरी पावडर नानाजींच्या अंगावर!

अख्खं हॉटेल रस्त्यावर आलं. रेवा रडकुंडीला आलेली. एका सांबारवडीपायी पोरीची सोयरीक मोडली!

"नानाजी, माफ करा," मी हात जोडले, ह्या वेळी मनापासून. "खरं सांगू? घरी मी असलं काहीच करत नाही. तुमच्यासाठीच केलं."

नानाजींनी भुवयांवरची पावडर झटकली. "मंग मले काहून भेव दाखवून राहिले होते गा, इवाई? तुमीच लई सोवळ्याचे, असं तुमच्या घरवालीनं आमच्या हिले सांगतलं! म्या बी हातात पाणी घेतलं होतं. तुमची प्लेट पयले आली म्हणून वाचलो!"

मी बायकोकडे पाहिलं. ती आणि विहीणबाई दोघी मोठ्या एकाग्रतेनं रस्त्यावरची रहदारी न्याहाळत होत्या.

पण नानाजी मला 'इवाई', म्हणजे व्याही, म्हणाले होते! छातीवरचा धोंडा उतरला. मग कोपऱ्यावरच्या ठेल्यावर सगळ्यांनी तर्री-पोहे हाणले, हात न जोडता.

लग्न पुढच्या महिन्यात आहे. कन्यादानाला बसायचा मान माझाच. फक्त पाण्याची झारी मामाच्या हातात राहील, असं दोन्ही घरांनी एकमतानं ठरवलंय.