जिन्याचं शीट

वास्तुरचनेच्या डिप्लोमाला होते तेव्हाची गोष्ट. जिन्याचं शीट दाखवायचं होतं, म्हणून आधी शहाद्यातलं एक चालू बांधकाम बघायला गेले. तिथला म्हातारा मिस्त्री भिंतीवर कोळशाने जिना आखत होता. पट्टी नाही, काही नाही, तरी रेघ सरळ. माझ्या पोटात दुखलं. मला तीच रेघ ओढायला टी-स्क्वेअर लागायचा.

मुद्दाम त्याच्यापुढे माझं शीट उलगडलं. त्याने लुंगीला हात पुसले, तरीही कागदाला बोट न लावता वाकून पाहिलं.

"जिना मस्त शे, बेटा. पन चढणारानं डोकं कोठे जाई?"

वरच्या स्लॅबवर आपटलं असतं. ती उंची मी मोजलीच नव्हती.

शीट नव्याने काढलं. सर वर्गासमोर म्हणाले, "डोक्यावरची जागा फक्त हिनेच सोडलीय. कसं सुचलं गं?"

"माझं मलाच," मी म्हणाले.