गणतीच्या वरचं बोट

सहाबोटे हे त्याचं आडनाव नव्हतं. पण कचेरीत नवीन आलेला माणूस हटकून विचारायचा, "सहाबोटे, मूळ गाव कुठलं हो तुमचं?" मग तो उजवा हात पुढे करायचा. करंगळीच्या मुळाशी, बाहेरच्या अंगाला, आणखी एक करंगळी. आखूड, जराशी वाकडी, पण नखासकट पुरती. "गाव हे," म्हणायचा. विचारणारा ओशाळायचा आणि हा मान खाली घालून पुन्हा खुर्चीची जाळी विणायला लागायचा.

कचेरी मोठी, आणि झाडून सगळ्या खुर्च्या वेताच्या. साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांची बुडं त्याच्या विणीवर टेकलेली. कारकून मंडळी बसून बसून जाळीला पोट पाडायची, की खुर्ची मागच्या पत्र्याच्या खोलीत यायची. तिथं घमेल्यात वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या असत. जुनी जाळी कापायची, भोकं टोकरून साफ करायची, ओली पट्टी वर ओढायची, ताणायची, खुंटी ठोकायची. ताण धरायला कुणाला चिमटा लागतो, कुणी दातात धरतं. हा सहाव्या बोटाला एक वळसा द्यायचा, की झालं. पट्टी वाळली की आवळायची, आणि त्याच्या जाळीवर टिचकी मारली तर ठणठणीत वाजायची.

मग चाकाच्या, स्पंजाच्या खुर्च्या आल्या. ज्या ट्रकनं आल्या त्याच ट्रकनं वेताच्या गेल्या. मोठ्या कारकुनानं त्याला टेबलाशी बोलावलं.

"सहाबोटे, तुमची जागा सुपरन्युमररी झाली."

तो हरखला. कचेरीत ज्याच्या हुद्द्याला सुपर लागतं तो पंख्याखाली बसतो, एवढं इंग्रजी त्याला येत होतं. सुपरवायझर झाला, सुपरिंटेंडेंट झाला, आता हे. त्यानं अख्ख्या खात्याला चहा पाजला. लोकांनी फुंकर मारमारून प्याला, एकानं तर अभिनंदनही केलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर खोलीला कुलूप.

"आता जिन्याखालच्या बाकावर बसायचं," मोठा कारकून म्हणाला. "पगार चालू."

"आणि काम?"

"काम नाही. तेच तर." मग त्यानं आवाज उतरवला. "अधिसंख्य म्हणतात त्याला. मंजूर आकड्याच्या वरचा माणूस. त्याला काढायचं नाही, पण तो गेल्यावर त्याच्या जागी दुसरा घ्यायचा नाही."

"म्हणजे मी आहे, पण मोजायचा नाही."

"तसंच काहीसं. चहा मात्र फक्कड होता हं."

तेव्हापासून तो बाकावर. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट दाखवायचा, नाहीतर आपल्या हाताकडे बघत बसायचा.

अशात त्याच्या मुलाला मुलगी झाली. हा धावतपळत दवाखान्यात गेला. सून खाटेवर बसलेली, पोर मांडीवर, आणि पोरीचा उजवा हात फडक्यात गुंडाळलेला. मुलगा खिडकीशी पाठ करून उभा. शेवटी डॉक्टरबाईंनीच फडकं सोडलं.

"सुपरन्युमररी डिजिट," त्या म्हणाल्या. "जास्तीचं बोट. हाड नाही यात, नुसतं मांस. आत्ता काढलं तर चुटकीसरशी निघेल. पण घरच्यांचं ठरत नाहीये."

शब्द ऐकून म्हातारा पुढं सरकला.

"डॉक्टरबाई, हा शब्द आमच्या कचेरीतला. इथं कसा?"

"शब्द एकच, आजोबा. नेहमीच्या आकड्याच्या वर जे असेल ते. बोट असो, दात असो."

"माणूस असो," तो म्हणाला. "मग बिनकामाचं असंही येतं का त्यात?"

"नाही. शब्द नुसता मोजतो. कामाचं की बिनकामाचं, ते ज्याचं त्यानं बघायचं."

मुलगा वळला. "बाबा, आम्ही ठरवलंय. राहू दे. तुमच्यासारखं आहे."

'आम्ही' म्हणाला, पण सून खाली बघत होती. तिला काढायचं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. सासरा समोर उभा, त्याच्या हाताला तेच बोट. बोलायची सोय कुठली? आणि त्याच्या तरी तोंडातून ते कसं निघावं? काढा म्हटलं, तर आपल्या हाताला आणि आपल्यालाही आपणच जास्तीचं ठरवल्यासारखं होत होतं. ठेवा म्हटलं, तर त्या ओंजळभर जिवानं पुढं काय काय सोसायचं, ते इथं त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. शाळेत पोरांनी मोजून दाखवलेली बोटं. पोरी बघायला जाताना खिशातच ठेवलेला हात.

"बघू," म्हणून त्यानं ते इवलंसं बोट चिमटीत धरलं. भिजलेली पट्टी पारखावी तसं हळूच दाबलं, वाकवलं. ते दोरीसारखं लोंबकळलं.

"ह्याला ताण धरता येणार नाही," तो म्हणाला. "नुसतं अडकत राहील कशाकशात."

"पण तुमचं..."

"माझ्यात हाड आहे. म्हणून कामाला जुंपता आलं. माझ्या आईला कुणीतरी सांगितलं, भाग्याचं असतं. तिनं ठेवलं आणि ओझं मी वाहिलं. आता माझा मान राखायला तू पोरीच्या गळ्यात घालतोस होय?"

"बाबा, तसं नाही हो—" मुलाचा आवाज चढला.

"ओरडू नको, पोर उठेल."

सुनेनं पहिल्यांदा वर पाहिलं. "बाबा, तुम्हाला वाईट नाही ना वाटणार?"

"वाटेल. तरी काढा."

आतल्या खोलीत डॉक्टरबाईंना पोरीचं कोपर घट्ट धरणारं कुणीतरी हवं होतं. मुलगा दारातूनच मागं फिरला, तोंड पांढरंफटक. म्हातारा पुढं झाला. सुई टोचली तशी पोरीनं टाहो फोडला. दोऱ्याची गाठ आवळता आवळता डॉक्टरबाईंनी त्याच्या हाताकडे पाहिलं.

"तुमचं काढायचं कधी मनात नाही आलं?"

"लग्नाआधी आलो होतो की. टेबलावर आडवासुद्धा झालो, आणि उठून गेलो. कचेरीत खुर्च्यांची रांग लागली होती. हाताला सुट्टी देणार कोण?"

"आणि आता?"

"आता आमची एकमेकांना सवय झाली."

कात्री वाजली. वाटाण्याएवढा तुकडा स्टीलच्या ताटलीत पडला. म्हाताऱ्यानं तो पाहिला आणि त्याला वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. डॉक्टरबाईंनी पट्टी बांधली, हात धुतले.

"झालं, आजोबा. सोडा आता कोपर."

"रडायची थांबली की सोडतो," तो म्हणाला.